माझ्या राज्याला तट कोणी बांधला

बाबा,

तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहिते आहे, तेही तुमची आठवण दाटून आली म्हणून नाही. तुमच्याबद्दल एक गोष्ट माझ्या हाती लागली आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि जिथे सांगायला हवी ती जागा तुमची आहे. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर मी राज्य उभारायचा एक खेळ खेळायचे, तो तुम्हाला आठवत असेलच. किती नीट आठवत असेल, हे मला गेल्या महिन्यात कळलं.

त्या खेळाचा नवा भाग येणार आहे. येणार, येणार म्हणून तीन वर्षं झाली. दर खेपेला तारीख जाहीर होते आणि दर खेपेला ती पुढे ढकलली जाते. मधूनमधून दोन मिनिटांची चित्रफीत सोडतात. तिच्यात घोडदळ धावतं, तट कोसळतात, आणि मी ती चार वेळा थांबवून बघते, की यातलं खरं खेळात किती असेल आणि नुसतं दाखवायला किती. कॉलेजात गणित शिकवणारी चाळिशीची बाई असं काही करते, हे माझ्या विद्यार्थ्यांना माहीत नाही. तर हा नवा भाग येईपर्यंत जुने भाग पहिल्यापासून पुन्हा खेळून काढायचे, असं मी ठरवलं. नियम विसरायला झाले होते, आणि नव्यात त्यांनी काय बदललं ते ओळखायचं तर जुनं डोळ्यासमोर हवं. तुमचाच स्वभाव. नवा नकाशा हातात आला की तुम्ही आधी जुना काढून बसायचात.

पहिला भाग आता कुठे मिळेना, म्हणून मी आपल्या जुन्या कॉम्प्युटरचा डबा माळ्यावरून काढला. आईने तो अजून चादरीत गुंडाळून ठेवला होता. यवतमाळातल्या एका दुरुस्तीवाल्याने त्यातलं सगळं काढून मला पेन ड्राइव्हवर दिलं. "मॅडम, लय जुनं सामान हाय, पन जित्तं हाय," म्हणाला. एका रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी तो खेळ सुरू केला आणि जतन केलेल्या डावांची यादी उघडली. मला वाटलं होतं एक डाव असेल, माझा. मी नेहमी पहिल्याच खान्यात जतन करायचे, दुसऱ्याला कधी हात लावला नव्हता. यादीत बत्तीस डाव होते.

प्रत्येकापुढे वार, तारीख आणि वेळ. सोमवार, दुपारी एक वाजून दहा. मंगळवार, दोन पंचवीस. बुधवार, पावणेतीन. दिवाळीची सुटी संपल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्यापासून संक्रांतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत. एकही शनिवार नाही, एकही रविवार नाही. तेव्हा मी नववीत होते. माझी शाळा अकरा ते पाच. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायला दहाच्या गाडीने जायची ती साडेपाचला यायची. तुम्ही साखळी, झेंडे आणि डबा घेऊन लोकांच्या जमिनींच्या सरकारी मोजणीला जायचात. म्हणजे त्या वेळी आपल्या घराला कुलूप असायचं.

मी आधी घड्याळावर संशय घेतला. जुन्या कॉम्प्युटरची घड्याळं चुकतात. म्हणून त्याच डब्यात सापडलेल्या माझ्या प्रजासत्ताक दिनाच्या निबंधाची तारीख पाहिली. ती बरोबर होती. मग मी एकेक डाव उघडायला लागले.

तुम्हाला आठवतं, त्या खेळात सुरुवातीला नकाशा काळा असतो. आपला माणूस जिथे जाईल तेवढाच उजळतो. मी नेहमी दोन-चार घरं बांधून, लाकूड-धान्य गोळा करून, सरळ शत्रूच्या वाटेला लागायचे. या डावांमध्ये मात्र कुणीतरी टेहळणीचा एक घोडेस्वार घेऊन आधी संपूर्ण सीमा फिरवली होती. मधला सगळा प्रदेश अंधारात, आणि कडेकडेने एक उजळ पट्टा, जिथून निघाला तिथेच येऊन मिळालेला. मग तट. सरळ रेषेत, एक चौकोनही कमी-जास्त नाही. जिथे जिथे वळण, तिथे तिथे एक बुरूज. बत्तीसच्या बत्तीस डावांत एकही हल्ला नाही. सैनिक होते ते नुसते उभे.

मी खुर्चीत मागे टेकले. शेताची मोजणी अशी सुरू करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आहे. पाचवीच्या उन्हाळ्यात तुम्ही मला फुलसावंगीकडे एका मोजणीला नेलं होतं. दोन्ही बाजूचे लोक धुऱ्यावर, म्हणजे दोन वावरांमधल्या बांधावर, उभे राहून एकमेकांच्या अंगावर ओरडत होते, आणि तुम्ही कुणाकडे न बघता आधी सबंध वावराला वळसा घालून आलात. नंतर मला म्हणालात, "लोक काय सांगून राह्यले ते आंधी आयकू नको. आंधी चौफेर फिरून ये. मंग आयक." पाणीसुद्धा तुम्ही घरून नेलेल्या कॅनचंच प्यायलात. ज्याचा अर्ज असेल त्याच्या घरचं पाणी नको, हा तुमचा नियम. परत येताना मला विचारलंत, त्या दोघांपैकी खोटं कोण बोलत होतं. मी एकाचं नाव घेतलं. तुम्ही म्हणालात, "दोघंही. कमी-जास्त."

या शिकवणीवरच मी वाढले. मी खेळत बसले की तुम्ही खांद्यावर टॉवेल टाकून मागे येऊन उभे राहायचात. खेळातला एखादा शेजारी राजा मला धान्य पाठवायचा, मैत्रीचा निरोप द्यायचा. तुम्ही म्हणायचात, "हा तुले धान्य कायले देऊन राह्यला? त्याले काय पाह्यजे ते पाह्य पह्यले." आणि दहा मिनिटांत तो राजा खरोखर उलटायचा. मग तुम्ही आत निघून जायचात. मला वाटायचं, बाबांना खेळात रस नाही, फक्त माणसं ओळखायला शिकवतात.

आता तुम्हाला कळलं असेल, मी कशाबद्दल लिहिते आहे. शेजारच्या मुलीबद्दल.

आपल्या शेजारच्या दोन खोल्यांत तांड्यावरचं एक कुटुंब भाड्याने राहायचं. त्यांची मुलगी माझ्याच इयत्तेत, पण तिची तुकडी सकाळची. बारा वाजता ती घरी असायची. नळ दुपारी यायचा, म्हणून आपल्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे असायची. ती आमचं पिंप भरून ठेवायची. संध्याकाळी आम्ही दोघी मिळून खेळायचो. वीज जायच्या आधीचा एक तास. मी चढाई करायची, ती शेती सांभाळायची. तिची याडी, म्हणजे तिची आई, दारातून हाका मारायची आणि ती "आली, आली" म्हणत आणखी पाच मिनिटं काढायची. माझी ती एकुलती एक मैत्रीण होती. याला मैत्री म्हणतात, हेही मला तेव्हा कळत नव्हतं. मला फक्त तिची सवय होती.

दिवाळीनंतर एके संध्याकाळी मी डाव उघडला, तर माझं सैन्य जागेवर नव्हतं. आदल्या दिवशी मी चाळीस स्वार शत्रूच्या वेशीशी नेऊन ठेवले होते. ते सगळे परत आणलेले. लाकूड संपलेलं, आणि माझ्या गावाभोवती एक तट उभा. मला वाटलं माझीच काही चूक असेल. पुन्हा सैन्य नेलं. दोन दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी रडले. मग गप्प बसून विचार केला, जसा तुम्ही शिकवला होतात तसा. घराची किल्ली कुणाकडे? दुपारी घरात कोण येतं? कॉम्प्युटर चालू करता कुणाला येतो? माझा डाव कुठे असतो ते कुणाला ठाऊक? चारही प्रश्नांचं उत्तर एकच येत होतं.

ती संध्याकाळी आली तेव्हा तुम्ही बैठकीत पेपर घेऊन बसला होतात. आई स्वयंपाकघरात होती. मी तिला सरळ विचारलं, "तू दुपारी माझा गेम खेळते ना?" ती म्हणाली, "नाही वो." मी म्हटलं, "खोटं बोलू नको. किल्ली तुझ्याजवळच असते." तिने एकदा तुमच्या दिशेला पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे. म्हणाली, "म्या नाही खेळली. आईची आण." मग मी ते वाक्य बोलले. आजही मला ते जसंच्या तसं ऐकू येतं, कारण ते माझं नव्हतंच, आजूबाजूला कुठेतरी ऐकलेलं होतं, आणि तरी माझ्याच तोंडून आलं. "तुमच्या तांड्यात चालत असन हे. आमच्या घरात नाही चालत."

तिने फ्रॉकच्या खिशातून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेली. पुन्हा कधी आली नाही. वर्ष संपता संपता ते लोक घर सोडून आपल्या तांड्यावर राहायला गेले. ती गेल्यावर तुम्ही पेपर खाली केलात. मला वाटलं तुम्ही म्हणाल, बरं पकडलंस. तुम्ही म्हणालात, "पुराव्याबिगर कोनाचं नाव घेऊ नये." एवढंच. कडक आवाजात, मोजणीच्या जागेवर बोलायचात तसं. मला फार लागलं ते. इतकी वर्षं मी त्या वाक्याचा अर्थ असा लावत आले की माझे बाबा न्यायी होते. माझी चूक त्यांना दिसली आणि त्यांनी मला टोकलं.

आणि पुरावा कुणाकडे होता, बाबा? तुम्ही भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून डाव पहिल्या खान्यात जतन करणं सोडलंत. तिथून पुढे दुसरा खाना, तिसरा, चौथा. यादीत ते लख्ख दिसतं. खेळणं थांबवलं नाहीत. फक्त माझ्या डावाला हात लावणं थांबवलंत. म्हणजे त्या संध्याकाळी पेपरामागे बसून तुम्हाला नेमकं कळलं होतं की भांडण कशावरून आहे.

मी मात्र त्यानंतर तो खेळ उघडलाच नाही. संक्रांतीला तुम्ही मला दुसऱ्या भागाची सीडी आणून दिलीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. नागपूरहून मागवली म्हणालात. "घे. नवीन निघाला म्हनते." मी विचारलं कशाबद्दल. तुम्ही म्हणालात, अभ्यास चांगला चालला आहे म्हणून. माझे सहामाहीचे मार्क चांगले नव्हते आणि ते तुम्हाला माहीत होतं. पण चौदा वर्षांची मुलगी भेटीवर संशय घेत नाही. आज घेते. ती सीडी मला दिलीत, की मी पहिला भाग पुन्हा कधी उघडू नये याची सोय केलीत?

एवढं कळल्यावर मी शाळेच्या जुन्या मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात तिचा नंबर शोधला. ती आता एसटीत कंडक्टर आहे आणि पांढरकवड्याजवळ केळापूरला राहते. मी फोन केला तेव्हा तिने लगेच ओळखलं. "ये ना, रविवारी सुटी हाय मले," म्हणाली. आवाजात काहीच नव्हतं, राग नाही, आनंद नाही. बसमध्ये सबंध वाट मी विचार करत होते की इतकी सहज कशी बोलली.

तिच्या अंगणात ऊन होतं. तिने उकडलेल्या तुरीच्या शेंगा परातीत आणून ठेवल्या आणि आम्ही समोरासमोर बसून सोलायला लागलो. नवरा वावरात गेला होता, कापसाची वेचणी चालू होती. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग मी तिला सांगितलं की मला जुने डाव सापडले आणि ते कुणी खेळले असावेत असं मला वाटतं.

ती शेंग सोलत राहिली. म्हणाली, "मले माहीत होतं."

"कधीपासून?"

"पह्यल्याच दिवसापासून. म्या पानी भरायले कुलूप काढाले गेली, तं आतूनच कडी होती. वाजवली. तुह्या बाबानं उघडलं. मांगं कॉम्पुटर चालू."

"काय म्हणाले?"

"मंग म्हनले, बेटा, आफिसातून मले घरी बसोलं हाय. कोन्तं तरी खोटं गाऱ्हानं झालं. चौकशी हाय. घरी समजलं नाही अजून. तू कोनाले सांगू नको, दोन-चार दिवसाचं काम हाय."

मी विचारलं, "मग दोन-चार दिवस झाल्यावर?"

"मंग रोजच यायचे. सकाळी वाचनालयात बसायचे, तुम्ही लोक गेल्यावर मांगल्या गल्लीतून घरी. म्या पानी भरायची, ते खेळत राहायचे. येकदा मले दाखोलंही, हे पाह्य, हद्द कशी धरली. लहान पोरावानी." ती किंचित हसली. "चांगले वाटत होते मले ते. माह्या बापानं कधी माह्याशी असं येक वाक्य बोललं नाही."

"आणि मी तुझ्यावर आळ घेतला, तेव्हा?"

तिने शेंग खाली ठेवली. "म्या त्याइच्याकडं पाह्यलं. ते पेपर धरून होते. पान पलटून नव्हते राह्यले. मले वाटलं, आता बोलतीन. आता बोलतीन. नाही बोलले. मंग म्या किल्ली ठेवली."

"तू का नाही सांगितलंस?"

"कबूल केलतं ना त्याइले."

चौदा वर्षांची पोर, बाबा. तुम्ही तिला दोन-चार दिवस गप्प राहायला सांगितलंत आणि ती सव्वीस वर्षं गप्प राहिली. तुमच्यावर खोटा आळ आला होता, म्हणून तुम्ही घरातल्या माणसांना तोंड दाखवत नव्हता. खोट्या आळाने माणसाचं काय होतं, हे त्या दिवशी त्या खोलीत सगळ्यात जास्त तुम्हाला कळत होतं. आणि तसाच आळ समोर एका लहान मुलीवर येतो आहे, तिच्या तांड्याचा उद्धार होतो आहे, आणि तुम्ही पेपर धरून बसला आहात.

मी तिला विचारलं, नंतर तुम्ही तिला काही बोललात का. ती म्हणाली, एकदा तुम्ही त्यांच्या दाराशी आला होतात. तिच्या वडिलांनी तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही बसलात आणि म्हणालात, तुमची पोरगी लई गुणाची हाय, तिले शिकवजा. ती आतल्या खोलीतून ऐकत होती. बाहेर आली नाही. "माह्या बापानं मंग मले बारावीपर्यंत शिकोलं," ती म्हणाली. "तुह्या बाबाच्यानं का आपल्याच मनानं, ते नाही माहीत."

येताना तिने शेंगांची एक पिशवी बांधून दिली. स्टँडवर सोडायला आली. तिथल्या कंट्रोलरला म्हणाली, "माही वर्गमैत्रीन हाय, जागा द्या चांगली." मी खिडकीशी बसले. गाडी सुटेपर्यंत ती खाली उभी होती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर मी आईला विचारलं. ती आता माझ्याकडेच असते. चार वाजले होते, ती मेथी निवडत होती. मी तिला एकदम काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, मी नववीत असताना बाबांना ऑफिसातून घरी बसवलं होतं का?

आईचे हात थांबले नाहीत. "कोनं सांगतलं तुले?"

"म्हणजे खरं आहे."

"दोन महिने. दोन भावांच्या धुऱ्याची मोजनी होती. येकानं लिहून देलं का हे दुसऱ्याच्या घरी जेवले, म्हनून त्याच्या बाजूनं दगड रोवला. जेवले-बिवले नव्हते. पाय मुरगळला म्हनून त्याच्या ओसरीवर बसले होते घडीभर. मंग फेरमोजनी झाली, दगड जागच्या जागी निंघाले. संक्रांतीले घेतलं परत."

"बाबांनी सांगितलं तुला?"

"ते कायले सांगतीन? मलेच समजलं, पह्यल्याच आठवड्यात. मोजनीवरून आलेल्या मानसाच्या पँटीले कुसळं राह्यते. मी रोज काढत होती ना उन्हात बसून. त्या आठवड्यात येक कुसळ नाही. बूट बी साफ." तिने एक जुडी बाजूला ठेवली. "मंग माह्या शाळेतल्या बाईकडून आयकलं पूर्न. पन त्याइनं सांगतलं नाही, तं मी बी विचारलं नाही. मानसाले आपल्या घरात तरी कोनी विचारू नये, असं वाटलं मले."

"दुपारी घरी येऊन कॉम्प्युटरवर बसायचे, ते माहीत होतं?"

"खुर्चीवर टॉवेल राहे त्याइचा. ओला." मग तिनेच म्हटलं, "त्या पोरीचं विचारून राह्यली ना तू? मी सैंपाकघरात होती त्या दिवशी. मले आयकू येत होतं सगळं. मले वाटलं ते बोलतीन. ते बोलले नाही. मंग मी बोलली असती तं त्याइचं सगळं उघडं पडलं असतं तुह्यासमोर. तू लय मानत होती त्याइले."

मेथी निवडून झाली. ती उठून आत गेली.

तुम्ही मला संशय घ्यायला शिकवलंत. त्याबद्दल मी तुमच्यावर रागावू शकते आणि गेला महिनाभर रागावलेच आहे. कॉलेजात सहकाऱ्यांनी डबा पुढे केला की यांना काय हवं असेल, असं माझ्या मनात पहिल्यांदा येतं. लग्न मोडलं तेही याच पायी, ते तुम्ही पाहायला नव्हता. पण खरं सांगायचं तर त्या दोन महिन्यांत घरातल्या प्रत्येकाला काही ना काही माहीत होतं. आईला होतं, शेजारच्या पोरीला होतं, तुम्हाला होतंच. सगळ्यांवर डोळा ठेवणारी मी एकटीच होते आणि मलाच काही दिसलं नाही. तुमच्या हातातल्या पेपराचं पान पलटत नव्हतं, हे ज्या मुलीला मी खोटारडी म्हणत होते तिने पाहिलं.

आणि तरी मला तुमचे ते बत्तीस डाव पुसवत नाहीत. मी ते सगळे ओळीने पाहिले. सुरुवातीचे तट सरळ आहेत पण कच्चे, दारं चुकीच्या जागी आहेत. हळूहळू तुम्हाला जमत गेलं. शेवटच्या डावात तुम्ही तटाच्या आत शेतं नीट वाटून दिली आहेत, प्रत्येकाला सारखी, मध्ये वाट सोडून. तिथे कुणाचं भांडण नाही. गाऱ्हाणं लिहून देणारं कुणी नाही. पन्नाशीला आलेला एक माणूस दारं लावून रोज दोन तास तिथे जाऊन बसत होता. मला तुमची दया येते, आणि मग पेपर धरून बसलेले तुम्ही दिसता आणि ती येईनाशी होते. दोन्ही माझ्यापाशी आहे, त्यातलं कुठलं कमी करायचं ते मला जमलेलं नाही.

नव्या भागाची तारीख पुन्हा जाहीर झाली आहे. या वेळी नक्की, म्हणतात. मला वाटत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं, हा प्रश्नच नाही. तरी एक कबूल करायचं राहिलं. मी केळापूरला माफी मागायला गेले होते, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही जाताना तसंच वाटत होतं. तिच्या अंगणात तिचं सगळं सांगून झाल्यावर, शेंगा सोलताना, तो शब्द माझ्या तोंडाशी आला होता. पण त्याच्याही आधी माझ्या मनात आलं की ही सांगते आहे ते खरं कशावरून? म्हणून मी म्हटलं, "तेव्हा लहान होतो आपण." ती म्हणाली, "हो, लहानच होतो." आणि दुसऱ्या दिवशी मी आईपुढे जाऊन बसले, ते तुमची चौकशी करायला नाही, बाबा. तिने सांगितलेलं पडताळून बघायला. ते पटलं, तेव्हाच मी तिच्यावर विश्वास ठेवला. याला आठ दिवस झाले. तिला मी अजून फोन केलेला नाही.